रांगोळीवर पाय पडू नये म्हणून

वाईच्या घरी माजघरातून स्वयंपाकघरात जाताना आत्या मध्येच थांबली. साडीच्या निऱ्या डाव्या हातानं किंचित वर उचलल्या, उजवा हात भिंतीला लावला आणि पावलं तिरकी टाकत, भिंतीच्या कडेकडेनं, खोलीचा मधला भाग टाळून पलीकडे गेली. फरशी मोकळी होती. जुनी शहाबादी फरशी, नुकतीच पुसून वाळलेली. मी मागेच उभी होते. "आत्या, काय पडलंय गं खाली?" "काही नाही," म्हणाली. मग उंबऱ्याशी टेकून, वहिनीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं हळूच बोलली, "रांगोळी आहे. नाहीये हे माहितीये मला. पण पाय टाकवत नाही."

पुण्याला परतताना खंबाटकीचा बोगदा मागे पडला तरी ते बोलणं डोक्यातून जाईना. कुणी छातीठोकपणे सांगितलं, की इथे अमुक आहे, तर आपण वाद तरी घालतो, समजूत घालतो, घाबरतो. पण 'नाहीये हे माहितीये' असं स्वतःच म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलायचं? तिची बुद्धी शाबूत होती, तिला दिसत होतं तेही शाबूत होतं, आणि या दोघांच्या मधून तिचे चौऱ्याऐंशी वर्षांचे पाय वाट काढत होते. दुसऱ्याच्या दारातल्या रांगोळीवर पाय द्यायचा नाही, हे अगदी लहानपणी अंगात मुरलेलं. रांगोळी खरी की खोटी, हे पायांना कोण विचारतं!

आत्याच्या डोळ्यांचे पडदे वयामुळे खराब झालेत. मधोमध डाग आहे. कडेचं तेवढं दिसतं. म्हणून ती आपल्याशी बोलताना जरा दुसरीकडेच बघते, म्हणजे आपण तिच्या नजरेच्या कडेला येतो आणि थोडेफार तरी दिसतो. नवख्या माणसाला वाटतं, बाईंचं लक्ष नाही. माणसं ती आवाजानं ओळखते, चपला काढण्याच्या पद्धतीनं ओळखते. वहिनीच्या बांगड्यांची किणकिण आणि कामाच्या मावशींच्या बांगड्यांची किणकिण यांतला फरक तिला भिंतीपलीकडून कळतो. एके काळी आमच्या आळीत रांगोळी म्हटली की हिचंच नाव. ठिपक्यांसाठी बायका भोकं पाडलेला कागद वापरायच्या, हिला तो कधी लागला नाही. चिमटीतून ठिपका पडायचा तो ओळीतच पडायचा.

घरात ही गोष्ट हळूहळू फुटली तेव्हा प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. दादा म्हणाला, वय झालं, चालायचंच. शेजारच्या काकूंनी पितृपक्षात पान नीट वाढलं होतं का, याची चौकशी केली, आणि बाहेरचं बघणारा एक माणूस नदीपलीकडे आहे, असंही सुचवून ठेवलं. वहिनी गप्प होती, पण तिच्या मनातली भीती सगळ्यांत मोठी होती. तिच्या आईची स्मृती अशीच हळूहळू गेली होती. एका डॉक्टरांनी तर पुरतं ऐकून न घेताच झोपेची गोळी लिहून दिली. त्या गोळीनं आत्या दिवसभर पेंगायची आणि रांगोळी होती तिथेच असायची. माझ्या लक्षात राहिलं ते असं, की या सगळ्यांच्या बोलण्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता: खरं आहे का? त्याचं उत्तर 'नाही' आलं, की पुढे विचारण्यासारखं कुणाजवळ काही उरत नव्हतं. रांगोळी कसली होती, किती ठिपक्यांची, नुसत्या रेघा होत्या की रंग भरला होता, हे कुणी विचारलं नाही.

ते विचारलं साताऱ्याच्या एका तरुण नेत्रतज्ज्ञ बाईंनी. डोळ्यांत औषध घालून, बाहुल्या मोठ्या होईस्तोवर बाकावर बसवून, मग तपासणी झाली. सगळं झाल्यावर चष्म्याचा नंबर सांगावा तितक्या सहजपणे त्या म्हणाल्या, "आजी, नसलेलं काही दिसतं का हो डोळ्यांपुढे? नक्षी, माणसं, फुलं? पडदा असा झाला की पुष्कळांना दिसतं, म्हणून विचारते." आत्या बराच वेळ काही बोलली नाही. पदराशी चाळा करत राहिली. आणि मग जे सुरू झालं ते बाहेरच्या रांगेतल्या लोकांनी चुळबुळ करेपर्यंत संपलं नाही. रांगोळी तर होतीच. भिंतीवर सरकणारी जाळी होती. फडताळाच्या कडेवर ओळीनं उभी राहणारी वीतभर उंचीची माणसं होती, जरीचे फेटे बांधलेली. ती बोलत नाहीत, आत्याकडे बघतही नाहीत, आपापल्या कामात असल्यासारखी येतात आणि जातात. वर्ष उलटून गेलं होतं म्हणे या सगळ्याला. "मग सांगितलं का नाहीस?" दादानं विचारलं. "येरवड्याची वाट दाखवली असतीत मला," आत्या म्हणाली. दादाकडे त्यावर उत्तर नव्हतं.

डॉक्टरांनी स्मरणशक्तीच्या चाचण्या करून घेतल्या, चालू औषधं बघितली, हाताचा कंप आहे का तेही पाहिलं, आणि मग याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात असं सांगितलं. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी आवक आटली, की मेंदूतला बघण्याचं काम करणारा भाग रिकामा बसत नाही, तो आपल्याच जोरावर चित्रं तयार करू लागतो. मनाचा आजार नाही, स्मृतिभ्रंश नाही. लंडनच्या डॉमिनिक फिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली अशा लोकांना नेमकं भास होत असतानाच स्कॅनरमध्ये घेऊन तपासलं. रंग दिसत होते तेव्हा मेंदूतला रंगाचं काम पाहणारा भाग जागा होता, चेहरे दिसत होते तेव्हा चेहऱ्यांचा. आपण डोळे मिटून काहीतरी कल्पनेत आणतो, त्याहून ही गोष्ट वेगळी आहे. बघण्याच्याच जागी ते घडतं. म्हणून आत्याला रांगोळी 'वाटत' नव्हती. दिसत होती.

आणि किती स्वच्छ दिसत होती! ही यातली सगळ्यांत जीवघेणी बाब. दादाच्या मोठ्या मुलीला मुलगा झाला, त्याला आत्याच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा तिनं बोटांनी त्याचं नाक-कपाळ चाचपून पाहिलं. चेहऱ्याच्या जागी तिला धुरकट डागच होता. पण त्या फेटेवाल्यांच्या फेट्यातला जरीचा काठ, त्या काठातली बारीक कुयरी, एकाच्या अंगरख्याचा सुटलेला बंद, हे सगळं तिला लख्ख दिसतं. "इतकं चोख मला गेल्या कित्येक वर्षांत दिसलेलं नाही," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात दुःख होतं तसा एक हावरेपणाही होता, तो मी ऐकला. जे बघावंसं वाटतं ते दिसत नाही, आणि ज्यांच्याशी काडीचा संबंध नाही ती माणसं मात्र काठापदरासकट. ती येतात तेव्हा तिला बरं वाटतं का वाईट, हे मी विचारलं होतं. म्हणाली, "दोन्ही. गेली की खोली ओकीबोकी होते."

चित्रांची गोष्ट दादाच्या धाकट्या मुलीनं सुरू केली. माझी ही भाची नववीत, इंटरमिजिएटच्या परीक्षेची तयारी चाललेली. तिला रोज एक स्मरणचित्र काढायचं असे. बाजार, जत्रा, शाळेची सहल असल्या नेहमीच्या विषयांना ती कंटाळली होती. एका दुपारी ती वही घेऊन आजीच्या खाटेवर जाऊन बसली आणि म्हणाली, "आजी, तुझे फेटेवाले सांग, मी काढते." मला वाटतं, त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी आत्याच्या दिसण्यात खरोखर रस घेतला. काळजी सगळ्यांनाच होती; रस या मुलीला होता. "फेटा कोल्हापुरी का पुणेरी पगडी?" "पगडी नाही गं, फेटा. पण शेमला पुढे." "पुढे कसा येईल?" "येतो. त्यांचा येतो." खोडरबर, पुन्हा रेघ. "हात कुठे आहेत?" आत्या थबकली. तिनं पहिल्यांदाच नीट आठवून पाहिलं असावं. "हात मला दिसतच नाहीत," म्हणाली. "अंगरखा आहे, बाह्या आहेत, हात नाहीत." भाचीची पेन्सिल तशीच राहिली. तोपर्यंत हे आत्यालाही ठाऊक नव्हतं.

अडचण पुढेच होती. काढलेलं चित्र बरोबर आहे की नाही, हे आत्यानं ठरवायचं कसं? कागदावरचं तिला दिसत नाही. भाचीनं जाड काळ्या मार्करनं पुन्हा काढलं, कागद आत्याच्या उजव्या कानाच्या बाजूला, नजरेच्या कडेला धरला, खिडकीचा उजेड पाडला. आत्या समोरच्या भिंतीकडे बघत बघत कडेनं कागद न्याहाळत होती. दोन-तीन आकारांना मान डोलावली. मग म्हणाली, "हे चित्र झालं. ते चित्रासारखं नसतं." कसं असतं मग? तिला सांगता येईना. जरा वेळानं ती उठली आणि म्हणाली, "पाट आण. आणि रांगोळीचा डबा."

पाटावर तिनं ठिपके घातले. डाव्या हाताची बोटं पाटाच्या कडेला टेकवून अंतर घेत, उजव्या चिमटीतून ठिपका, बोट पुढे, ठिपका. डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. चिमट आणि अंगठा यांनाच हिशेब पाठ होता. एखाद-दुसरा ठिपका हुकला, बाकी ओळी सरळ. मग ठिपके जोडून तिनं जाळी केली, चौकटीत चौकट, चौकटीत चौकट, पाटाच्या काठापर्यंत. ही तिची नेहमीची रांगोळी नव्हती. कुठे कमळ नाही, गोपद्म नाही, मधे उमलणारं काही नाही. सुरुवात नाही, शेवट नाही, अशी नुसती जाळी. "ही अशी. आता बघ," म्हणाली, आणि पूर्ण झालेल्या रांगोळीवर पसरट तळवा ठेवून तिनं तो सावकाश उजवीकडे ओढत नेला. रेघा फरपटत गेल्या, पांढरा पट्टा उमटला, पट्ट्यात पुसट चौकटी उरल्या. "अशी जाते. मी मान फिरवली की माझ्याबरोबर येते. थांबत नाही कुठे." तळहात पांढरा झाला होता. भाची आणि मी त्या फरपटलेल्या पट्ट्याकडे बघत राहिलो. डॉक्टरांनी समजावलं होतं, मी त्याबद्दल वाचलं होतं, पण माजघरातल्या त्या तिरक्या पावलांचा अर्थ मला त्या पाटावर कळला. जमिनीवर ठेवलेली रांगोळी ओलांडता येते. नजरेला चिकटून चालणारी रांगोळी ओलांडायची कशी?

नंतर मी या जाळीच्या मागे लागले.

हाइनरिख क्ल्यूव्हर नावाच्या संशोधकानं १९२०च्या दशकात मेस्कलिन हे भास घडवणारं द्रव्य घेतलेल्या लोकांची वर्णनं गोळा केली, स्वतःही ते घेऊन पाहिलं. माणसं वेगळी, आयुष्यं वेगळी, तरी दिसणाऱ्या आकारांची काही घराणी पुन्हा पुन्हा तीच निघाली: जाळ्या आणि चौकटी, कोळ्याची जाळी, बोगदे, गोल फिरत जाणारी वेटोळी. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नाचणाऱ्या नागमोडी कडा हेही त्यातलंच, ह्यूबर्ट एअरी नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८७० साली आपल्याला दिसणाऱ्या त्या कडांची रंगीत चित्रं काढून प्रसिद्ध केली, आणि आजही ती बघून अर्धशिशीवाला माणूस ओरडतो, "हेच, हेच!" बघणाऱ्या मेंदूची जी वीण आहे, तीच त्या आकारांत उघडी पडते असं म्हणतात. म्हणजे वाईच्या आमच्या माजघरात सरकणारी ती चौकटींची जाळी आत्याच्या आठवणीतून आलेली नव्हती. तिचं रांगोळीशी नातं आत्यानं जोडलं, कारण जाळीचं नाव घेताना तिच्याजवळ तीच वस्तू होती. पण त्या नात्यामुळेच पाय अडले. विणीचा आकार मेंदूचा, आणि त्यावर पाय न देण्याची माया आत्याची. या दोन गोष्टी कुठे वेगळ्या होतात ते मला अजून नेमकं सांगता येत नाही, आणि चित्र काढायला बसल्याशिवाय त्या दोन आहेत हेही कळलं नसतं.

ज्या चार्ल्स बॉनेटचं नाव या प्रकाराला मिळालं, तो जिनिव्हाचा निसर्गअभ्यासक. १७६०च्या आपल्या ग्रंथात त्यानं आजोबांबद्दल लिहिलं. चार्ल्स ल्युलॅं, वय एकोणनव्वद, मोतीबिंदूनं नजर गेलेली. त्यांना आधी एक निळा रुमाल दिसू लागला, कोपऱ्यांत पिवळी वर्तुळं असलेला, नजर जाईल तिकडे जाणारा. मग माणसं, पक्षी, गाड्या, इमारती. म्हातारबुवांना हे खरं नाही हे पक्कं ठाऊक होतं आणि ते त्याची मजा घेत. नातवानं ते थट्टेवारी नेलं नाही, झाकूनही ठेवलं नाही. बसून ऐकलं आणि लिहून ठेवलं. अडीचशेहून अधिक वर्षं झाली, आणि साताऱ्यातल्या त्या बाकावर आत्याला येरवड्याची भीती वाटावी हे मला फार लागतं.

अर्थात सगळेच भास असे निरुपद्रवी नसतात, आणि सगळ्यांनाच 'नाहीये हे माहितीये' असं म्हणता येत नाही. जर्मनीतल्या आउगुस्ट नाटररला आलं नाही. विजेची यंत्रं जुळवणारा हा कुशल कारागीर. १ एप्रिल १९०७ रोजी श्टुटगार्टमध्ये त्याला आकाशात, ढगांमध्ये, अर्ध्या तासात दहा हजार चित्रं दिसली असं तो सांगे. एकामागून एक, झपाट्यानं. तो शेवटच्या निवाड्याचा साक्षात्कार आहे, यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. पुढचं आयुष्य वेड्यांच्या रुग्णालयांत गेलं. तिथे बऱ्याच काळानंतर त्यानं त्यातली काही चित्रं कागदावर उतरवली, आणि ती कशी उतरवली? यंत्राचा आराखडा काढावा तशी, आखीव, थंड डोक्यानं. एका चित्रात घरं-रस्ते असलेला मुलूख आहे आणि बघता बघता त्या मुलखातून चेटकिणीचं तोंड वर येतं. दुसऱ्यात नुसते दोन डोळे आहेत, त्याचे स्वतःचे, ती दृश्यं दिसत असतानाचे. मला हे दुसरं चित्र विसरता येत नाही. काय दिसलं हे सांगून भागलं नाही, तेव्हा त्यानं बघणारे डोळेच काढून दाखवले.

ही चित्रं हायडेलबर्गच्या संग्रहात आहेत. हान्स प्रिंझहॉर्न हा डॉक्टर आधी कलेचा इतिहास शिकलेला. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यानं ठिकठिकाणच्या मनोरुग्णालयांना पत्रं लिहून रुग्णांची चित्रं, भरतकाम, लाकडी मूर्ती मागवल्या. सुमारे पाच हजार वस्तू जमल्या. १९२२ साली त्यावर त्याचं पुस्तक आलं आणि युरोपातले चित्रकार थक्क झाले. पण रुग्णांच्या घरच्यांची अब्रू राखायची म्हणून त्यानं नावं बदलली. नाटररचा नेटर झाला. फ्रांत्स कार्ल ब्युलर हा लोखंडी नक्षीकामातला नामांकित कारागीर, त्याचा पोल झाला. पुढे नाझींनी आधुनिक चित्रकारांची बदनामी करायला १९३७ साली म्युनिकमध्ये 'अधःपतित कला' म्हणून प्रदर्शन भरवलं. ते गावोगाव फिरू लागलं तेव्हा त्यात हायडेलबर्गची ही चित्रंही टांगली: बघा, वेड्यांची चित्रं आणि यांची चित्रं, काही फरक आहे का? १९४० मध्ये ब्युलरला ग्राफेनेकच्या मृत्युकेंद्रात नेऊन मारलं, मनोरुग्ण म्हणून. चित्रं जपली गेली. चित्रकाराला जगू दिलं नाही.

म्हणून 'कलेतून आजार समजून घेऊ' असं कुणी सहज म्हटलं, की मला धास्ती वाटते. लुई वेन या इंग्रज चित्रकाराच्या मांजरांचं असंच झालं. अखेरची पंधराएक वर्षं मनोरुग्णालयात काढून तो १९३९ साली गेला. त्याच वर्षी वॉल्टर मॅक्ले या मनोविकारतज्ज्ञाला एका दुकानात त्याची मांजरांची आठ चित्रं मिळाली. त्यानं ती ओळीनं लावली: आधी साधी गोंडस मांजरं, मग टवकारलेली, मग नक्षीत विरघळत जाणारी. आजार बळावत गेला तशी चित्रं बिघडत गेली, असा तो क्रम. वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत तो छापला गेला. पण त्या चित्रांवर तारखा नव्हत्या. क्रम डॉक्टरनं लावलेला होता, आणि रुग्णालयात असतानाही वेन साधी, हसरी मांजरं काढतच होता. नक्षीदार मांजरं त्यानं कदाचित निव्वळ आवडीनं काढली असतील. आईचा गालिच्यांच्या नक्षीशी कामानिमित्त संबंध होता म्हणतात. घरात लहानपणापासून वेलबुट्टी पाहिलेला माणूस. त्याला कुणी विचारलं नाही.

विचारल्यावर काय कळतं ते आम्ही घरी पाहिलं. फेटेवाले झाले, जाळी झाली, एका दुपारी दिसलेली हिरवीगार भिंत झाली. मग भाचीनं विचारलं, "आणखी काय दिसतं?" आत्यानं जरा वेळानं एका चेहऱ्याबद्दल सांगितलं. संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी येतो. दात मोठे, डोळे बाहेर आलेले, कुणाचा तरी म्हणून ओळखता न येणारा. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असे विद्रूप चेहरे अनेकांना दिसतात, दातांसकट. त्यावर दिवा लावायचा, डोळे भराभरा डावीकडे-उजवीकडे फिरवायचे, पुष्कळदा जातो. पण त्या दुपारी भाचीनं नवं पान उलटलं तशी आत्या एकदम कडक झाली. "तो नाही काढायचा. तो कागदावर आला की घरात राहील." भाचीनं वही मिटली. तिला पटलं की नाही कोण जाणे, पण तिनं काढलं नाही, पुढेही नाही. मला त्या मिटलेल्या वहीचं मोल त्या सगळ्या चित्रांइतकंच वाटतं. काय उघडं करायचं आणि काय नाही, हे ज्याला दिसतं त्यानं ठरवायचं. आता चेहरा आला की आत्या फक्त "दिवा लावा" म्हणते आणि घरात सगळ्यांना कळतं.

आवाज ऐकू येणाऱ्यांचं दुःख याहून वेगळं. जाळी ओलांडता येत नाही, पण ती निदान काही बोलत नाही. तान्या लुहरमन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर कॅलिफोर्निया, घानातलं आक्रा आणि चेन्नई इथल्या स्किझोफ्रेनिया हा मनोविकार असलेल्या प्रत्येकी वीस जणांशी बोलून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या लोकांना ऐकू येणारे आवाज बहुतेक परके, हिंसक, अंगावर येणारे. चेन्नईतल्या निम्म्याहून अधिक जणांना मात्र घरच्यांचे आवाज येत: आंघोळ कर, जेव, हे आण, ते आवर. हे वाचताना मी हसले आणि लगेच गलबलूनही आले. भासांनाही घर असतं. म्हणजे ते घर कसं आहे, तिथे कोण कुणाशी कसं बोलतं, हे ठाऊक नसलेल्या माणसानं नुसती लक्षणांची यादी भरली तर हाताला काय लागणार?

आपल्याकडे ही जाणीव ज्यांच्यामुळे आली त्यांत जगन्नाथ वाणींचं नाव घ्यायलाच हवं. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीच्या आजारपणातून गेलेले. त्यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि माहितीपत्रकांवर न थांबता 'देवराई' हा चित्रपट व्हावा म्हणून झटले. आकडेशास्त्राच्या माणसानं कथेचा रस्ता धरला, हे मला महत्त्वाचं वाटतं. २००४ साली तो आला तेव्हा आमच्या घरातल्या बायका एकत्र बघायला गेल्या होत्या. बाहेर पडल्यावर कुणीतरी दबक्या आवाजात आपल्या एका मावसभावाचं नाव घेतलं. त्याच्याबद्दल त्याआधी कधी कुणी बोललं नव्हतं. बरोबर आत्याही होती, तेव्हा तिला पडद्यावरचं सगळं नीट दिसत होतं.

यायोई कुसामा या जपानी चित्रकर्तीच्या ठिपक्यांच्या खोल्या आता जगभर गर्दी खेचतात. लहानपणी टेबलावरच्या कापडाची लाल फुलं बघून तिनं मान वर केली तर तीच फुलं छतावर, खिडक्यांवर, स्वतःच्या अंगावर पसरलेली तिला दिसली होती. १९७७ पासून ती आपखुशीनं टोकियोच्या एका मनोरुग्णालयात राहते, जवळच्या स्टुडिओत काम करते. तिच्या आरशांच्या खोलीत लोक क्षणभर जातात, फोटो काढतात, बाहेर येतात. त्यांना दोष देत नाही. सुंदरच आहे ते. पण त्या खोलीला दार आहे. त्या मुलीच्या खोलीला तेव्हा नव्हतं.

भाचीची चित्रं पुढच्या तपासणीला आम्ही साताऱ्याला नेली. डॉक्टरबाईंनी ती टेबलावर पसरून सावकाश पाहिली आणि दवाखान्यात ठेवून घेऊ का, असं आत्याला विचारलं. त्यांचं म्हणणं, पडदा खराब झालेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तोंडी विचारलं तरी बहुतेक जण 'छे छे' म्हणून मान हलवतात. सोबत मुलगा-सून उभी असते. कागद जवळ धरला तर कदाचित बोलतील. त्यांचा अंदाज खरा ठरला. नंतर त्यांनी सांगितलं, खटाव तालुक्यातले एक आजोबा फेटेवाल्यांचं चित्र कडेनं निरखून म्हणाले, "ह्ये न्हवं. माझ्याकडं घोडी येत्यात." शेजारी त्यांचा मुलगा उभा होता. त्यानं ते पहिल्यांदाच ऐकलं. त्या दिवशी घोड्यांच्या रंगावर, खोगिरावर बराच वेळ बोलणं झालं म्हणे, आणि बापलेक दोघंही हसत बाहेर पडले.

चित्र ठेवून घेताना बाईंनी विचारलं होतं, खाली नाव नको ना? गुप्ततेसाठी? त्यांचं विचारणं रास्तच होतं. दादाही लगेच नको म्हणाला. आत्या मात्र बाकावर सरसावून बसली. "नाव घाला. काढलं तिनं असेल, बघितलं मी आहे." मग भाचीनं खिशातलं पेन काढून दोन्ही नावं लिहिली, आजीचं वर आणि आपलं खाली, आणि तारीखही घातली.